कोल्हापुरात हॅकिंग आणि कॉम्प्युटर सुरक्षेची मंडळी कुठे भेटतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण कोल्हापुरात महिन्यातून एकदा कॉम्प्युटर सुरक्षा शिकायला भेटतो. त्यामुळे कॉलेजात बोलायला गेलो की, नाहीतर कुणाच्या ओळखीने व्हॉट्सॲपवर, मला तेच ते प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं एका जागी लिहून काढलं आहे. आधी साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दादा, हॅकिंगचं मीटअप म्हणजे नक्की काय? तिथं बसून काय हॅक करतात?

स्वतःचं. म्हणजे सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली वेबसाइट, स्वतःच्या लॅपटॉपवरचं व्हर्च्युअल मशीन (म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर), स्वतः विकत घेतलेला राउटर.

मी पहिल्यांदा पुण्यात गेलो तेव्हा एका मुलाने सरावाच्या वेबसाइटचं लॉगिन पान पडद्यावर लावलं होतं. नावाच्या चौकटीत त्याने फक्त एक एकेरी अवतरणचिन्ह टाकलं आणि एंटर दाबलं. पानावर डेटाबेसची लांबलचक चूक उमटली, त्यात टेबलाचं नावसुद्धा होतं. पुस्तकात एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे वेबसाइटच्या चौकटीतून डेटाबेसला आपली आज्ञा घुसवणं, मी तीनदा वाचलं होतं, पण एका टिंबाएवढ्या चिन्हाने डेटाबेस बोलायला लागतो हे तिथं डोळ्यांनी पाहिलं. त्याने पाच मिनिटांत आत शिरून दाखवलं आणि पुढची चाळीस मिनिटं कोड कसा लिहिला असता तर हे झालं नसतं यावर घालवली. चांगल्या मीटअपला दुरुस्तीसाठी असा वेळ दिला जातोच.

बाकी स्वरूप साधं असतं. ओळख, एक-दोन व्याख्यानं, चहा, प्रश्न. ‘नल’ ही भारतातली मोठी मोकळी संघटना हाताने करून बघायच्या सत्रांना ‘हुमला’ म्हणते आणि संरक्षण शिकवणाऱ्या सत्रांना ‘बचाव’.

२. हे कायदेशीर आहे का? पोलीस आले तर?

भेटणं, शिकणं, शिकवणं, स्वतःच्या यंत्रावर सराव करणं यात बेकायदा काही नाही. पोलीस आले तर खुर्ची द्या, पुढचं सत्र त्यांनीही ऐकावं.

कायद्यात सगळं येऊन थांबतं ते मालकाच्या परवानगीवर. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ सांगतं की परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलात, डेटा उतरवून घेतलात, व्हायरस सोडलात किंवा सेवा बंद पाडलीत तर नुकसानभरपाई द्यावी लागेल. हेच काम अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केलं की कलम ६६ लागतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘पासवर्ड सोपाच होता’ किंवा ‘मी फक्त बघितलं’ असं सांगितल्याने परवानगी मिळाली असं होत नाही.

३. कोल्हापुरात कुठं शोधू?

रस्त्यावरून पाटी वाचून आत शिरावं अशी जागा शोधत असाल तर निराश व्हाल. आपल्याकडे माणसं आहेत, पण ती विखुरलेली आहेत. कुणी कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, कुणी एमआयडीसीतल्या कंपनीचं नेटवर्क सांभाळतो, कुणी पुण्या-बंगळुरूच्या कंपनीचं काम राजारामपुरीतल्या घरातून करतो. आधी माणसं शोधा, भेटायला जागा नंतर मिळते.

पहिली जागा कॉलेजं. शिवाजी विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग, गोकुळ शिरगावचं केआयटी, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील अभियांत्रिकी, इचलकरंजीचं डीकेटीई, अतिग्रेचं संजय घोडावत विद्यापीठ. तिथल्या तांत्रिक महोत्सवांच्या जाहिराती बघत जा आणि त्यात ‘सीटीएफ’, म्हणजे ‘कॅप्चर द फ्लॅग’, हा शब्द शोधा. सरावाच्या यंत्रांत लपवलेला गुप्त मजकूर शोधून काढायची ती सुरक्षेची स्पर्धा असते. हॅकेथॉन वेगळं. त्यात चोवीस-छत्तीस तास बसून ॲप बनवतात, सुरक्षेशी त्याचा संबंध असेलच असं नाही. नाव ऐकून दरवर्षी कितीतरी मुलं फसतात.

सांगली पन्नासेक किलोमीटरवर आहे. तिथं वालचंद कॉलेजात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. विषय लिनक्स आणि मुक्त सॉफ्टवेअर, पण सुरक्षेत पुढे गेलेली बहुतेक माणसं अशाच गटातून आलेली मी पाहिली आहेत. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्याची, भीती गेली की निम्मं काम झालं.

ऑनलाइन शोधताना एक गोष्ट करा. मीटअप ॲपमध्ये ‘कोल्हापूर’ टाकून जवळचं अंतर ठेवलं तर पान रिकामंच दिसतं आणि माणूस तिथंच सोडून देतो. अंतर वाढवा, पुणे, बेळगाव, गोवा येऊ द्या. नल आणि ओवॅस्प (वेब सुरक्षेवर काम करणारी जागतिक संघटना) या दोन्हींच्या साइटवर शहरवार शाखांची यादी असते, ती थेट बघा. आणि लिंक्डइनवर कोल्हापूर निवडून ‘सिक्युरिटी ॲनालिस्ट’, ‘पेनटेस्टर’ (परवानगीने हल्ला करून त्रुटी शोधणारा), ‘सॉक’ (कंपनीच्या यंत्रणेवर पहारा ठेवणारा विभाग) असे शब्द शोधा. दोन ओळींचा नम्र निरोप पाठवा: मी कोण, काय शिकतोय, एकदा चहाला भेटू का. दहातले तीन उत्तर देतात आणि सुरुवातीला तीन पुरतात.

४. पुण्याला जायचं म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. परवडतं का?

दर महिन्याला नाही, वर्षातून दोन-तीनदा नक्की परवडतं. नल आणि ओवॅस्प या दोघांच्याही पुणे शाखा आहेत आणि त्यांच्या नेहमीच्या भेटींना पैसे लागत नाहीत. भेट बहुधा शनिवारी सकाळी एखाद्या कंपनीच्या कार्यालयात असते. म्हणजे पहाटेची गाडी पकडा, नाहीतर आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्कामाला जा.

निघण्यापूर्वी नोंदणी केलीच पाहिजे. कंपनीच्या गेटवर यादीत नाव नसेल तर वॉचमन सोडत नाही, ओळखपत्रही लागतं. आदल्या दिवशी पत्ता पुन्हा तपासा, जागा ऐनवेळी बदलते.

आणि ओळख करून द्यायची वेळ आली की गावाचं नाव मोठ्याने सांगा. मी ‘कोल्हापूरहून आलोय’ म्हणालो तेव्हा मागच्या रांगेत दोन माना वळल्या. एक जण इचलकरंजीचा निघाला, एक जयसिंगपूरचा. तिघं एकाच गाडीने परत आलो आणि कराडला थांबलो तोवर पुढच्या महिन्यात कोल्हापुरात भेटायचं ठरलं होतं. आमची महिन्याची बैठक तिथून सुरू झाली. मला पुण्याने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपल्याच भागातली ही दोन माणसं.

गोव्याची नलकॉन ही वेगळी गोष्ट. २०१० साली सुरू झालेली ती मोठी परिषद आहे, तिकीट महाग असतं. पहिल्याच वर्षी तिथं जायची घाई करू नका.

५. मला अजून काहीच येत नाही. आलो तर हसतील का?

नाही. हसणारे असतील तर ती बैठक सोडा. येण्याआधी एवढं करा: ‘ओव्हर द वायर’ या साइटवर ‘बँडिट’ नावाचा फुकट खेळ आहे, त्याच्या पहिल्या दहा पायऱ्या चढा. अडलात तर कुठं अडलात ते वहीत लिहून आणा. मोकळ्या हाताने ‘हॅकिंग शिकवा’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘पाचव्या पायरीवर फाइल सापडत नाही’ म्हणणाऱ्याला मदत करणं सोपं जातं.

६. लॅपटॉप कसला लागतो?

आठ जीबी रॅमचा असला की व्हर्च्युअल मशीन चालतं. त्याहून जुना असेल तर पेनड्राइव्हवरून काली लिनक्स, म्हणजे सुरक्षेची साधनं आधीच घातलेली ऑपरेटिंग सिस्टीम, चालवा. कॉलेजचा प्रोजेक्ट असलेल्या एकुलत्या एक लॅपटॉपवरचं विंडोज पुसून काली टाकू नका. लॅपटॉप नसेल तरी या, दोघांत एक चालतो.

७. फी किती असते? एका ठिकाणी ‘फ्री एथिकल हॅकिंग सेमिनार’ आहे, ते मीटअपच का?

बहुतेक वेळा नाही. ओवॅस्पच्या शाखांच्या भेटी सर्वांना मोकळ्या आणि विनामूल्य असाव्यात, त्यात कुठल्या कंपनीची विक्री होऊ नये, असा त्या संघटनेचा नियमच आहे. याच कसोटीवर बाकीचं तपासा.

मी दुसऱ्या वर्षाला असताना दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला पैसे भरले होते. पहिला दिवस फेसबुकच्या बनावट पानात गेला, दुसरा पुढच्या कोर्सची फी समजावण्यात. शेवटी जाड कागदाचं प्रमाणपत्र मिळालं, ते आजवर कुणी मागितलेलं नाही. घरच्यांनी ते पैसे कसे उभे केले होते हे मला माहीत होतं, म्हणून ती गोष्ट अजून टोचते.

फरक ओळखणं अवघड नाही. सेमिनारला येतानाच फोन नंबर घेतात आणि आठवडाभर फोन करतात. मीटअपला बोलणारा माणूस महिन्याभराने तुमच्याच शेजारी श्रोता म्हणून बसलेला असतो. क्लास लावू नका असं माझं म्हणणं नाही. पण आधी कामातल्या चार माणसांना भेटा, कुठली परीक्षा कशासाठी हे विचारा. सीईएच आणि ओएससीपी ही या क्षेत्रातली दोन नावाजलेली प्रमाणपत्रं. सीईएचच्या मुख्य परीक्षेत चार तासांत १२५ बहुपर्यायी प्रश्न असतात, तर ओएससीपीमध्ये पावणेचोवीस तास प्रत्यक्ष यंत्रांत शिरावं लागतं. दोन्ही दिलेली माणसं समोर बसली की जाहिरात वाचायची गरज उरत नाही.

८. मी अकरावीत आहे. घरचे ‘हॅकिंग’ म्हटलं की नको म्हणतात.

घरच्यांना बरोबर घेऊन या. आमच्याकडे एका मुलाचे वडील पहिल्या दिवशी मागे बसून राहिले, शेवटी त्यांनीच बँकेच्या ओटीपीबद्दल तीन प्रश्न विचारले आणि पुढच्या वेळी मुलाला एकट्याला सोडून गेले. घरी दाखवायला चांगली गोष्ट म्हणजे पिकोसीटीएफ. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ पासून शाळकरी मुलांसाठी चालवलेली ती फुकट स्पर्धा आहे. घरच्यांना न सांगता कुणी अठराच्या आतल्या मुलाला बैठकीला बोलावत असेल, जागा कुणाच्या खोलीवर असेल, तर जाऊ नका.

९. मुलींसाठी वातावरण कसं असतं? मी एकटीच असेन का?

सुरुवातीला कदाचित एक-दोघीच असाल, हे खरं आहे. म्हणून जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: जागा सार्वजनिक आहे का, भेट दिवसाउजेडी संपते का, आणि आचारसंहिता लिहिलेली आहे का. ओवॅस्पसारख्या संघटनांची ती लिहिलेली असते. ‘आमच्यात तसलं काही होत नाही’ हे उत्तर पुरेसं नाही, तक्रार कुणाकडे करायची ते नाव पाहिजे.

आयोजकांनाही सांगणं आहे. गारगोटी, राधानगरीकडे जाणाऱ्या मुलीची शेवटची सोयीची एसटी बघून वेळ ठरवा. आम्ही संध्याकाळी सहाची बैठक सकाळी दहाला आणली आणि दुसऱ्याच महिन्यात तिघी आल्या. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, विचारल्याशिवाय ग्रुपमधून नंबर उचलायचा नाही.

१०. माझं इन्स्टा हॅक झालंय, तुमच्यातलं कुणी परत मिळवून देईल का? आणि मित्राचं अकाउंट उघडून हवंय.

हे दोन प्रश्न बहुतेक एकाच निरोपात येतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अकाउंट परत देण्याचा अधिकार कंपनीकडेच असतो, ॲपमधली रिकव्हरीची वाट धरा आणि तोवर ईमेलचा पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर हे वाचायचं थांबवून १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. ‘हॅकर’ म्हणवून पैसे घेऊन अकाउंट परत देतो म्हणणारा माणूस तुम्हाला दुसऱ्यांदा लुटतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मित्राचं, बायकोचं, मैत्रिणीचं, कुणाचंच नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा त्याच कायद्याच्या कलम ६६-सी खालचा गुन्हा आहे. असं विचारणाऱ्याला आम्ही एकदा समजावतो, पुन्हा विचारलं तर ग्रुपमधून काढतो.

११. टेलिग्रामवर हॅकिंगचे मोठमोठे ग्रुप आहेत. त्यात राहिलो तर चालेल ना?

चोरलेले डेटाबेस, दुसऱ्यांचे कार्ड नंबर किंवा क्रॅक केलेली ॲप जिथे वाटली जातात तिथून आजच बाहेर पडा. त्या फायलींत बऱ्याचदा तुमच्यासाठीच काहीतरी पेरलेलं असतं.

१२. आम्ही विद्यार्थी नाही, फौंड्रीत कामाला आहोत. आमचं तिथं काय काम?

तुमचंच जास्त काम आहे. पुण्या-मुंबईच्या व्याख्यानांत बँका आणि ॲप असतात, पण कोल्हापूरचं पोट शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगरातल्या यंत्रांवर, साखर कारखान्यांवर, दूध संघांवर चालतं. तिथलं काय उघडं आहे हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही.

आमच्याकडे एका फौंड्रीच्या अकाउंट विभागातल्या ताई आल्या होत्या. सोमवारी सकाळी कॉम्प्युटर उघडला तर टॅलीच्या डेटाच्या प्रत्येक फाइलला नवं शेपूट लागलेलं होतं आणि फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअप रोज घेतला जात होता, पण ती हार्डडिस्क कायम त्याच मशीनला जोडलेली. तीही गेली. त्या एवढंच म्हणाल्या, “काढून ठेवायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं.” त्या दिवशी ठरलेलं व्याख्यान बाजूला ठेवून आम्ही दोन तास बॅकअपवर बोललो: एक प्रत जोडणीतून काढलेली, एक दुसऱ्या जागी, आणि महिन्यातून एकदा त्यातून खरोखर डेटा परत आणून बघायचा.

यंत्रांचं तर याहून मोठं. पीएलसीशी, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरशी, बोलायला आजही सर्रास वापरली जाणारी मॉडबस ही पद्धत १९७९ सालची आहे. मूळ मॉडबसमध्ये पासवर्ड हा प्रकारच नाही. जो नेटवर्कवर आहे त्याचा हुकूम यंत्र ऐकतं. त्यामुळे ऑफिसचं वायफाय आणि शॉपफ्लोअरचं नेटवर्क एकच असेल, तर पाहुण्याच्या फोनपासून भट्टीच्या कंट्रोलरपर्यंत वाट मोकळी असते. तुम्ही असा आराखडा कागदावर काढून आणा, कंपनीचं नाव न घालता. आम्हाला त्यातून शिकायला मिळेल. मालकाची परवानगी मात्र आराखड्यालाही घ्या.

१३. कॉलेजच्या पोर्टलवर लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याची मार्कशीट दिसते. मीटअपला दाखवू का?

नको. नाव झाकूनही नको, आपल्या गावात कुठलं कॉलेज ते सगळ्यांना कळतं.

आधी थांबा. एकदा दिसलं तेवढं पुरे, पन्नास आकडे बदलून खात्री करू नका. तिथून पुढे तुम्ही लोकांचा डेटा उतरवत आहात आणि प्रश्न २ मधलं कलम ४३ तुमच्यावर येतं. काय केलं, किती वाजता, काय दिसलं हे लिहून ठेवा. दुसऱ्याच्या मार्कशीटचा स्क्रीनशॉट जपून ठेवू नका. मग विश्वासाच्या प्राध्यापकांना बरोबर घेऊन विभागप्रमुखांना लेखी कळवा. तिथं भिंत लागली, तर २००४ पासून काम करणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे त्रुटी कळवता येते.

कळवण्याने आपोआप संरक्षण मिळतं असं समजू नका, म्हणूनच थोडक्यात आणि लवकर कळवायचं. बग बाउंटीचं, म्हणजे त्रुटी शोधून दिली की कंपनी बक्षीस देते त्याचं, वेगळं असतं: तिथं कंपनीने कुठं हात लावायचा आणि कुठं नाही हे लिहून दिलेलं असतं, ते लिहिलेलं हीच परवानगी. त्रुटी दुरुस्त झाली आणि कॉलेजने हो म्हटलं की मग जरूर दाखवा.

१४. मग आपणच कोल्हापुरात नवी बैठक सुरू केली तर? किती माणसं लागतात?

तीन. तीन माणसं सलग सहा महिने भेटली की चौथं येतं.

वार एकदाच ठरवा आणि बदलू नका. ‘२६००’ हे हॅकरांचं त्रैमासिक १९८४ पासून निघतं. त्याच्या वाचकांच्या भेटी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी होतात, म्हणून परक्या गावात गेलेल्या माणसालाही दिवस विचारावा लागत नाही. आपल्याकडे शुक्रवार जमत नाही, दुसरा रविवार धरा. परीक्षा, गणपती आणि नवरात्र बघून वर्षाचं पत्रक आधीच काढा. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली की इचलकरंजी-शिरोळची माणसं पोचत नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. ते दोन महिने ऑनलाइन घ्या.

जागेसाठी कॉलेजची लॅब उत्तम, पण प्राध्यापकांचं पत्र लागतं. रविवारी रिकामं असलेलं कुणाचं तरी ऑफिस त्याहून सोपं. कॅफेत गप्पा होतात, सराव होत नाही, आणि तिथल्या वायफायचं काय ते प्रश्न १५ मध्ये आहे.

बैठकीत एकच पाहुणा दोन तास बोलला तर बाकीचे झोपतात. आम्ही वीस मिनिटांचं एक बोलणं ठेवतो, मराठीतून, आणि मग दीड तास सगळ्यांनी हाताने करायचं. कुस्ती काठावरून बघून कुणी शिकत नाही, मातीत उतरावं लागतं. दर वेळी नवा माणूस बोलला पाहिजे, अगदी बँडिटच्या पाचव्या पायरीवर बोलला तरी चालेल.

नाव आणि झेंडा नंतर. सहा महिने टिकलात तर ओवॅस्पच्या शाखेसाठी अर्ज करा, कॉलेजांसाठी त्यांच्या विद्यार्थी शाखाही असतात. दुसरा रस्ता डेफकॉनच्या गटांचा. डेफकॉन ही लास व्हेगासमधली परिषद १९९३ मध्ये सुरू झाली आणि तिच्या गावोगावच्या गटांची नावं तिथल्या टेलिफोन कोडवरून ठेवायची रीत आहे. कोल्हापूरचा ०२३१ अशा एखाद्या नावात बसलेला मला बघायचा आहे.

१५. बैठकीला कुणी कॅफेचं वायफाय पाडून दाखवायला लागलं, किंवा जॅमर घेऊन आलं तर?

लगेच थांबवा. कॅफेचा राउटर कॅफेचा आहे, गिऱ्हाइकांची जोडणी तोडणं म्हणजे सेवा बंद पाडणं, गमतीत केलं तरी. जॅमर, म्हणजे मोबाइल-वायफायचे सिग्नल अडवणारं यंत्र, तर खासगी माणसाला जवळ बाळगताही येत नाही, तो पिशवीतून बाहेर काढू देऊ नका. वायफायचा हल्ला शिकायचाच असेल तर स्वतःचा जुना राउटर आणा, त्याला स्वतःचेच दोन फोन जोडा आणि फक्त त्यांच्यावर करा.

आमच्याकडे एका मुलाने एकदा शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर आणलं होतं. कॅमेऱ्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. आम्ही प्रोजेक्टरची वायर काढली, त्याला बाजूला घेऊन प्रश्न २ मधलं सगळं समजावलं आणि दोघं जण दुकानदाराकडे गेलो. काय झालं ते खरं सांगितलं, माफी मागितली. काका आधी चिडले, मग खुर्ची दिली. त्यांच्याच हाताने पासवर्ड बदलून घेतला आणि कॅमेरा बाहेरच्या इंटरनेटवरून बंद केला. तो मुलगा पुढच्या महिन्यात जुन्या बाजारातून आणलेला स्वतःचा कॅमेरा घेऊन आला आणि त्यावर वीस मिनिटं बोलला.